मदत हवी आहे: स्लीव्ह (वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन) झालीये, घास अडकतो, आणि गौरीला सवाष्ण म्हणून जेवायला बसायचंय

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४१, नोकरी पुण्यात, सासर सातारा जिल्ह्यात. वजन होतं ११८ किलो, उंची ५ फूट २ इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४८ च्या आसपास. शुगर गोळ्यांना दाद देत नव्हती, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री सीपॅप मशीन लावायचे. डाएट, जिम, दोन वेळाच जेवायचं वगैरे सगळं करून झालंय, त्यामुळे "रोज चालायला जात जा" म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा ही विनंती. एप्रिलमध्ये दुर्बिणीतून स्लीव्ह झाली. पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात, ती. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्याच काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूक म्हणजे काय तेच विसरायला होतं.

खर्चाचं कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते, क्लेम पास झाला. बीएमआय ४० किंवा जास्त असेल, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारी शुगर, हृदयाचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया असं काही असेल तर पॉलिसीत बसतं, फक्त वेटिंग पीरियड संपलेला पाहिजे. वजन उतरवायच्या इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता पण तो महिन्याच्या महिन्याला खिशातून.

ऑपरेशनचं मी उगाच घेतलं होतं हो टेन्शन. त्याच्या आधी लिव्हर लहान व्हावं म्हणून दोन आठवडे लिक्विड डाएट असतं, ते खरं जिवावर येतं. ऑपरेशनच्या संध्याकाळीच नर्सने उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं, ते तीन रंगीत बॉलवालं खेळणं फुंकायला म्हणजे उलटं ओढायला दिलं, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं. टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखला, ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्यामुळे दुखतो म्हणे. घरी आल्यावर कफ सिरपच्या झाकणाने वरणाचं पाणी प्यायचे, एक झाकण संपवायला पाच-सात मिनिटं. मग मिक्सरमधलं, मग मऊ, आता नॉर्मल जेवण चालू. वजन ९१ वर आलंय, शुगरची एक गोळी बंद, दुसरी अर्धी, मशीन अजून आहे. सगळं छान. आता रडगाणं.

एक, घास अडकतो. रोज नाही, पण पोळी असली की हमखास, कधी कधी भातानेही. छातीच्या मधोमध कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं होतं, तोंडाला सारखं पाणी सुटतं, मग बेसिनपाशी जाऊन उभं राहायचं, पांढरा फेस येतो आणि त्यातून तो एवढासा तुकडा. निघाला की लगेच बरं. ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनदा झालं, फार लाज वाटते. हे या टप्प्यावर चालतं का आत काही अरुंद झालंय?

दोन, प्रोटीन. रोज किमान ६० ग्रॅम सांगितलंय, मी शाकाहारी, अंडं कसंबसं खाते. व्हे पावडरच्या वासानेच मळमळतं. एका वेळेला वाटीभरसुद्धा जात नाही तर एवढं प्रोटीन बसवायचं कुठे?

तीन, केस. बाथरूमची जाळी रोज साफ करावी लागतेय, पुढे भांग रुंद झालाय. हे थांबतं ना?

आणि चौथं, ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला. ऑपरेशनचं फक्त नवऱ्याला आणि आईला माहितीये. सासरी आम्ही पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय. (गंमत म्हणजे वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात म्हणून त्याचीच गोळी सहा महिने चालू आहे!) आता होतंय असं की गावाकडे प्रत्येकाच्या ओळखीत कुणाचं ना कुणाचं पित्ताशय काढलेलं आहे आणि ते सगळे आठवड्यात मटण खायला लागले होते. माझ्या पानात काही उरलं की "अगं आता कसलं पथ्य?" सुरू. दरवर्षी चुलत सासूबाईंकडे गौरीला मी सवाष्ण असते. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, आणि सवाष्णीने पानात टाकायचं नाही. वर त्या स्वतः समोर बसून तुपाची धार धरतात. प्रेमाने करतात हो, म्हणूनच नाही म्हणता येत नाही. तिथे फेस आला तर? आजारी आहे म्हणून जाऊच नको, का सांगून टाकू? सांगितलं तर "पोट कापून बारीक झाली" हे लेबल जन्मभराचं. ज्यांनी केलंय त्यांनी पंगती कशा निभावल्या ते प्लीज सांगा.

— कोथिंबीरवडी

शेवंता_०७:
माझं बायपास (हृदयाचं नाही, वजनासाठीचं पोटाचं) झालंय, २०१९ ला. पोळीचं सांगते, पहिलं वर्ष पोळी हा विषयच सोड. ताजी मऊ पोळी चावून चावून कणकेचा गोळा होतो आणि तोच बसतो. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून जाते, धिरडं जातं, मुगाचं घावन जातं. घास चहाच्या चमच्याने घे आणि घासागणिक चमचा खाली ठेव, हातात राहिला की पुढचा घास आपोआप जातो. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही हे पाळतेस ना? अडकला म्हणून वरून पाणी प्यायलीस तर फेस वाढतो, नुसती उभी राहा, चाल.

केस माझे इतके गेले की मैत्रिणीने टोपी आणून दिली होती. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात जातात आणि वर्षभरात परत येतात, माझे आले. पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री तपासून घे, नुसत्या बायोटिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नकोस.

पुरणाबद्दल मात्र जपून. मला बायपासनंतर पहिल्या दिवाळीला अर्ध्या करंजीने घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि तासभर आडवी. डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये कमी होतं, पण होतं.

बिनधास्त_बंड्या:
राग मानू नका ताई पण चांगलं पोट कापायचं म्हणजे जरा अतिच. आमच्या आत्याने नुसतं रात्रीचं जेवण सोडून १५ किलो कमी केलं.

शेवंता_०७:
बंड्या, तिने सुरुवातीलाच तुला दुसरा धागा दाखवलाय.

मेथीदाणा:
मी डाएटिशियन आहे, पण तुमची फाइल बघितलेली नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. घट्ट पदार्थ घाईत खाल्ला आणि कधीतरी अडकला, तर बहुतेकदा ती चावण्याची आणि वेगाची गोष्ट असते. पण मऊ खिचडीही अडकायला लागली, किंवा पाणीच उतरेना, किंवा हे वाढतच चाललंय असं वाटलं तर थांबू नका, सर्जनकडे जा, एंडोस्कोपीत अरुंदपणा कळतो आणि फुग्याने रुंदही करता येतो. आणि उलट्या सलग होत असतील तर बी-वन म्हणजे थायमिन कमी पडतं. तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, पायांना मुंग्या, यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

प्रोटीन: जेवताना आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी-भात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, एका अंड्यात ६. दही फडक्यात बांधून चक्का करा, साखर न घालता मीठ-जिरं घालून खा. सोया चंक्स भिजवून मिक्सरला फिरवून खिम्यासारखे परता, अडकत नाहीत. व्हेचा वास गोड फ्लेवरमुळे येतो, बिनफ्लेवरची घेऊन ताकात किंवा कोमट आमटीत घाला, उकळत्यात नको, गुठळ्या होतात. पाच-सहा वेळा थोडं थोडं घेतलं की ६० गाठता येतं.

संत्रा_बर्फी:
नागपूरवाला, पुरुष, स्लीव्ह, सहा वर्षं झाली. आमच्याकडे सांगायला सोपं गेलं, गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन केलं तेव्हापासून इकडे सगळ्यांना हा प्रकार माहीत आहे, मी फक्त "तेच ते" म्हणालो. वजनाचं म्हणाल तर माझं उतरलेल्यातलं बारा-पंधरा किलो परत आलं. पोळीने नाही आलं, पोळी तर अजून दीडच जाते. आलं ते उसाचा रस, आइस्क्रीम, संध्याकाळची बीअर अशा सटकन खाली उतरणाऱ्या गोष्टींनी, पोट लहान असलं तरी त्यांना अडवत नाही. आणि हो, दारू आता लवकर चढते, लग्नात माझी फजिती झाली आहे, तपशील विचारू नका.

पंगतीत माझा नियम, आपण वाढपी व्हायचं. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. पण सवाष्णीला ते चालणार नाही बहुतेक.

शेवंता_०७:
नाही चालणार. सवाष्णीने वाढायला घेतलं तर चुलत सासूबाई पदर ओढून बसवतील. त्यापेक्षा आधीच सांग की पान छोटं वाढा, सगळं चमचा चमचा, प्रसाद म्हणून, आणि पोळी न घेता नुसतं पुरण बोटाएवढं. मान ठेवला जातो आणि पान रिकामं होतं. पण हे सांगायला त्या घरात एक तरी माणूस तुझ्या बाजूने पाहिजे.

कोथिंबीरवडी:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. ताजी मऊ पोळी हीच माझी चूक होती असं दिसतंय, मी मुद्दाम गरम गरम करून खात होते. खिचडी, चक्का नीट जातंय, तरी ओपीडीची गुरुवारची वेळ घेतलीये आणि फेरिटिनही सांगितलंय.

शेवंताताई, तुमचं वाचून थोरल्या जाऊबाईंना फोन केला. म्हटलं सांगून बघू. मी नुसतं "वहिनी, ते पित्ताशयाचं..." एवढंच बोलले तर त्या म्हणाल्या, "पित्ताशय काढून कुणी सत्तावीस किलो उतरतं का गं? आम्हाला काय कळत नाही होय?" मेपासून माहितीये त्यांना! सासूबाईंनाही संशय आहे म्हणे, फक्त कुणी विषय काढत नव्हतं. गौरीला जाऊबाई माझ्या शेजारी बसणारेत आणि जे जाणार नाही ते हळूच स्वतःच्या पानात घेणारेत. कटाच्या आमटीचं मात्र मी जमवेन म्हणते, तिखट बेताचं असेल तर.

एक राहिलं, लोह आणि कॅल्शियम मी सकाळी एकदमच घेते, चालतं का?

मेथीदाणा:
नको. कॅल्शियम लोह शोषू देत नाही, दोन्हींत किमान दोन तास ठेवा. आणि लोहाच्या गोळीबरोबर चहाही नको. कॅल्शियम सायट्रेट आहे की कार्बोनेट ते पाकिटावर बघून सांगा.