मदत हवी आहे: टेकडीवर झाडं लावायची की गवत राखायचं?

रविवारची_टेकडी:
नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीमागे टेकडी आहे. गेल्या जुलैत रीतसर परवानगी काढून आम्ही आठ-दहा जणांनी तिथे २०० रोपं लावली. वड, पिंपळ, करंज, कडुनिंब. फेब्रुवारीपर्यंत ५ लिटरचे कॅन खांद्यावर वाहून पाणी घातलं. परवा मोजली, ३१ जिवंत. खड्डे घेताना वीतभर मातीखाली पहार खणकन वाजत होती, तेव्हाच शंका यायला हवी होती.

शेळ्या चारणारे एक आजोबा म्हणाले, "हितं झाडी कवा व्हती? कमरेएवढं गवत व्हतं. त्येच तुमी उपटलं." मी गप्प बसले. कारण आळी करताना गवत आम्हीच काढलं होतं, स्वच्छता म्हणून! आता नेमकं त्याच गोलांत गाजरगवत आणि पिवळा कॉसमॉस माजलाय.

त्यात एक कंपनी ५ जूनला ५०० रोपं द्यायला निघालीये. पत्रात लिहिलंय की २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं परिसंस्था पुनर्स्थापनेचं दशक आहे. असेल, पण आमच्या टेकडीचं काय करू? जुन्या गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, पूर्वी लावलेलं परदेशी झाड) दाटी आहे, ती सरसकट तोडायची का?

गवत्या:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, हे आम्हीही केलंय. पुण्यात साधारण ७०० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात वीतभर मातीत वड कसा तगणार? आजोबांचं बरोबर आहे. उघड्या माथ्यावरचं गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे. लावे, चंडोल तिथेच अंडी घालतात.

रोपं नंतर. आधी नुकसान कशाने चालू आहे ते बघा. वणवा, चराई की शॉर्टकटच्या पायवाटा? ते थांबवून एक पावसाळा जागा नुसती राखा. गवताची मुळं शिल्लक असतील तर ते आपणहून उठतं. मग त्याच टेकडीचा कमी बिघडलेला तुकडा शोधा, तिथे जे आहे तेच तुमचं पुस्तक. झाडं लावायचीच तर ओघळीत, जिथे माती साचते तिथे, आणि तीही इथलीच: मेडशिंगी, सालई, हिवर, खैर, पांगारा.

दिवाळीनंतर मोज्यांत अडकलेली कुसळं फेकू नका. उघड्या गोलांत टाका. कुसळाची शेपटी ओलाव्याने पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते आणि बी स्वतःच जमिनीत घुसतं. पहार नको, पाणी नको.

गिरिपुष्प सरसकट नको. एकदम ऊन पडलं की मोकळ्या जागेत आधी कॉसमॉस आणि घाणेरी शिरते. कडेने थोडं थोडं काढा, तेही वनखात्याला विचारून. बुंध्याला धुमारे फुटतातच, ते दोन-तीन वर्षं खुडत राहावे लागतात. यातच बहुतेक गट गळतात.

रविवारची_टेकडी:
खूप आभार दादा. पण त्या ५०० रोपांना नाही कसं म्हणू? त्यांना फोटो हवेत.

गवत्या:
नाही म्हणू नका. रोपांऐवजी जानेवारीत जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला मजुरी मागा. फोटो तिथेही निघतो.