जुनी आलिशान गाडी आणि दुरुस्तीचा खर्च : सीमाभागातील मालकांचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी जर्मन गाडी आता नवलाची राहिलेली नाही. पुण्या-मुंबईकडून येणारी, नवी असताना ५० लाखांची असलेली सेदान दहा वर्षांनी ९-१० लाखांत मिळते, म्हणजे नव्या मध्यम हॅचबॅकच्या भावात. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दिवा, पंप आणि गिअरबॉक्स हे शेवटपर्यंत ५० लाखांच्या गाडीचेच राहतात. घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, कारण विकणाऱ्याला ते सांगायचे नसते आणि शेजाऱ्याला ते ठाऊक नसते. म्हणून ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष सांभाळली आहे, त्यांनी इथे सविस्तर लिहावे, ही विनंती. गाडीचा प्रकार आणि वर्ष, काय बिघडले, का बिघडले, दुरुस्ती कुठे झाली आणि किती रुपये लागले, एवढे यावे. कंपनीचे किंवा वर्कशॉपचे नाव घेऊन तक्रार करू नये. रोख दुरुस्तीवर आणि तिच्या कारणांवर असावा.

उद्यमबाग, बेळगाव : यंत्रभागांचा कारखाना

माझ्याकडे २०१२ सालची, हवेच्या सस्पेन्शनची मोठी सेदान आहे. या गाडीत पोलादी स्प्रिंगच्या जागी चारही चाकांवर हवेच्या रबरी पिशव्या आहेत. विजेवर चालणारा एक लहान कंप्रेसर हवा पुरवतो आणि व्हॉल्व्हचा ठोकळा ती चारही बाजूंना वाटतो. दहा-बारा वर्षांत हे रबर घड्यांच्या जागी तडकू लागते. सुरुवातीला गळती इतकी बारीक असते की गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. रात्री उभी केलेली गाडी सकाळी पुढच्या एका कोपऱ्यावर बसलेली दिसते आणि इंजिन सुरू केल्यावर पुन्हा वर येते, त्यामुळे मालक निश्चिंत राहतो. कंप्रेसर मात्र त्या गळतीची भरपाई करण्यासाठी सतत धावत असतो. तो अखंड चालण्यासाठी बनवलेलाच नाही. तो तापतो, त्याची रिंग झिजते, आणि शेवटी गाडी पूर्ण खाली बसते.

परगावच्या एका वर्कशॉपने माझा कंप्रेसर बदलला, त्याचे ६० हजारांच्या आसपास घेतले आणि पिशवीची गळती तशीच ठेवली. नवा कंप्रेसर वर्षही टिकला नाही. मग आमच्याच कारखान्यातल्या फिटरने पिशव्यांवर आणि नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारले, तेव्हा पुढच्या डाव्या पिशवीच्या घडीतून बुडबुडे येताना दिसले. निदानाला काहीच खर्च आला नाही. पुढचे दोन्ही स्ट्रट (हवेची पिशवी आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला भाग) कंपनीचे घ्यायचे तर प्रत्येकी सव्वा लाखाच्या पुढे जात होते. दुसऱ्या उत्पादकाचे जवळपास निम्म्यात मिळाले. दोन कंप्रेसर, दोन स्ट्रट आणि मजुरी धरून एकूण खर्च अडीच लाखांवर गेला, आणि गाडी मी ११ लाखांना घेतलेली होती.

उद्यमबागेत लोखंडाचा जवळजवळ कोणताही भाग करून मिळतो. या गाडीचे दोन बुश आणि एक ब्रॅकेट मी लेथवर करून बसवले आहेत आणि ते उत्तम चालले आहेत. पण थर देऊन केलेले रबर, सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांच्यापुढे आपली लेथ थांबते. गाडी घेताना तिच्यातील किती भाग इथे करता येण्याजोगे आहेत, याचा विचार प्रत्येकाने करावा, असे मला मनापासून वाटते. हवेचे सस्पेन्शन काढून साधी स्प्रिंग बसवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही. त्या गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर, उंचीचे सेन्सर आणि ब्रेकचे नियंत्रण एकमेकांशी बांधलेले असते. एक धागा काढला की डॅशबोर्डवर कायमचे इशारे पेटतात आणि पुढे गाडी विकताना घेणारा तेवढेच पैसे कापतो.

खानापूर : दवाखाना

आमच्या तालुक्यातील पाऊस वेगळा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला पावसाळ्यात दिवसच्या दिवस उघडीप नसते आणि गाडी झाडाखाली उभी राहते. माझ्या २०१४ च्या सेदानला सनरूफ आहे. सनरूफच्या चौकटीत उतरणारे पाणी बाहेर नेण्यासाठी चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात आणि त्या खांबांमधून खाली उतरतात. पालापाचोळा आणि माती यांनी नळी तुंबली की पाणी छताच्या कापडातून न गळता खांबातून थेट गालिच्याखाली जाते. वरचा गालिचा कोरडा, त्याखालचा जाड फोम मात्र चिंब, अशी अवस्था महिनाभर राहिली तरी कळत नाही.

माझ्या गाडीत आधी एक दरवाजा रिमोटने उघडेना, नंतर सीटचा मोटर बंद पडला, नंतर गाडी उभी असतानाच बॅटरी उतरू लागली. तिन्हींचे मूळ एकच होते : सीटखालच्या कंट्रोल युनिटच्या जोडणीवर हिरवा गंज चढला होता. नवे युनिट, वायरिंगची दुरुस्ती आणि संगणकावरून कोडिंग यांना मिळून दीड लाख लागले. नळ्या साफ करण्याची मजुरी ५०० रुपयांच्या वर जात नाही. विम्याने काही दिले नाही. साध्या मोटार विम्यात झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेला असतो, आणि साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यामुळे इंजिनात पाणी शिरले तर त्यासाठीही वेगळे इंजिन संरक्षण कवच घ्यावे लागते. ते कवच, तसेच सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारे कवच, जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे ज्या वयात त्यांची गरज अधिक, त्याच वयात ती हातची जातात. पावसाळ्यापूर्वी नळ्यांत पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडते का, हे पाहून घ्यावे. आमच्या भागात या कामाचे महत्त्व इंजिन ऑइलइतकेच आहे.

गणेशपूर, बेळगाव : गॅरेज

मी दुरुस्ती करणारा आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहितो. लोक स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचतात आणि कोडमध्ये ज्या भागाचे नाव येते तो भाग बदलायला सांगतात. कोड हे निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, म्हणून सेन्सर खराब असतोच असे नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या नळीला चीर असली तरी तोच कोड येतो. या गाड्यांवर वाया जाणाऱ्या पैशांपैकी मोठा वाटा अंदाजाने बदललेल्या चांगल्या भागांचा असतो, असे माझ्या पाहण्यात आहे.

दुसरी बाब ऑइलची. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते : मर्सिडीजच्या डिझेलला बहुधा २२९.५१, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन-ऑडीला ५०७.०० ही मान्यता डब्यावर छापलेली पाहावी. फक्त ‘पूर्ण सिंथेटिक’ एवढे पाहून ऑइल घेणे पुरेसे नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे मालकांना सांगितलेले असते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे झाल्यावर ते बदलायला सांगते. आठ गिअरच्या बऱ्याच प्रकारांत फिल्टर प्लॅस्टिकच्या तळपात्रातच असतो, त्यामुळे पूर्ण पात्र बदलावे लागते. सगळे मिळून ३५-४० हजार होतात. ग्राहक या रकमेला घाबरतो, पण बंद पडलेल्या गिअरबॉक्सचा आकडा लाखांत असतो.

बॅटरीचेही तसेच. या गाड्यांतील एजीएम (काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवणारी, सीलबंद) बॅटरी १८-२५ हजारांची असते आणि अनेक गाड्यांत ती बसवल्यावर संगणकावर तिची नोंद करावी लागते. नोंद केली नाही तर गाडी तिला जुनीच बॅटरी समजून भरत राहते आणि तिचे आयुष्य कमी होते. मजुरीबद्दलही लिहायला हवे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणून तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा पूर्ण इंजिन उतरवावे लागते. चेनच्या किमतीपेक्षा तिथपर्यंत पोहोचण्याची किंमत मोठी. बिल पाहून ‘मेस्त्री, एवढे कसे?’ असे विचारणाऱ्यांना मी गाडी लिफ्टवर असतानाच बोलावून दाखवतो.

निपाणी : तंबाखूचा व्यापार

गिअरबॉक्सबद्दल वर जे लिहिले आहे, त्यात माझी भर. माझी २०१३ ची गाडी दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची होती. तवंदी घाटात चढावर गिअर पडेनासा झाला. बिघाड गिअरच्या दात्यांत नव्हता. गिअर बदलण्याचा हुकूम देणारे, व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असलेले मेकाट्रॉनिक युनिट गेले होते. नवे बसवण्याचा अंदाज साडेतीन लाखांचा आला. पुण्यात केवळ गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या एका कारागिराने तेच युनिट उघडून सर्किट बोर्ड दुरुस्त केला आणि ९० हजारांत गाडी चालती केली. अशी गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढू नये, पूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. त्या वाहतुकीला वेगळे पैसे पडतात आणि निपाणीहून पुणे जवळ नाही.

चिकोडी : ऊस शेती

माझा खर्च दुरुस्तीचा नाही, पण दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यातच गेले, म्हणून लिहितो. मी एमएच-०९ पासिंगची गाडी घेतली. दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर इथली नोंदणी घ्यावी लागते, आणि कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीचा आजीवन कर १८ टक्के आहे. गाडीच्या वयानुसार त्यात सूट मिळते, परंतु हिशेब मी दिलेल्या किमतीवर नव्हे, तर गाडीच्या मूळ किमतीवर होतो. ८ लाखांच्या खरेदीवर कराचा आकडा पाहून घरात सगळेच गप्प झाले. ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याची नोंद आणि हा कर, यांचा आकडा आरटीओतून आधी काढून मगच सौदा ठरवावा.

टिळकवाडी, बेळगाव : वास्तुरचनाकार

माझी २०२० ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. घर, कार्यालय आणि मुलीची शाळा, सगळे तीन किलोमीटरच्या आत. डिझेलच्या धुरातील काजळी पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळण्यासाठी फिल्टर काही वेळ सलग तापलेला राहावा लागतो. शहरातील लहान फेऱ्यांत ते घडत नाही. इशारा पेटल्यावर पहिल्यांदा संगणकावरून जबरदस्तीने जाळणी करावी लागली, दुसऱ्यांदा फिल्टर उतरवून धुवावा लागला आणि त्याला ३० हजारांच्या आसपास लागले. नव्या फिल्टरचा आकडा दोन लाखांवर ऐकला. आता रविवारी मी काकतीवरून हत्तरगीपर्यंत राष्ट्रीय महामार्गाने एका वेगात गाडी नेऊन आणते आणि त्यानंतर इशारा आलेला नाही. ज्या महिलांना माझ्यासारखी गावातल्या गावातच गाडी वापरायची आहे, त्यांनी डिझेलऐवजी पेट्रोल गाडी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

हलियाळ : निवृत्त अभियंता

माझा अनुभव इतरांपेक्षा बरा आहे, म्हणून त्याची कारणेही लिहितो. गाडी पेट्रोल, २०१५ ची, साध्या स्प्रिंगची, सनरूफ नसलेली आणि एकाच मालकाची होती. सर्व सर्व्हिसची बिले त्यांच्याकडे जपलेली होती. घेण्यापूर्वी मी ती लिफ्टवर चढवून घेतली, थंड इंजिन स्वतः सुरू करून आवाज ऐकला, आणि चारही टायरवरील निर्मितीचा आठवडा व वर्ष वाचले. टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) होते व संपत आले होते, डिकीत स्टेपनी नव्हती. चार टायरचे ८० हजार मी किमतीतून वजा करून घेतले. खरेदीच्या पाचव्या भागाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि ती फक्त गाडीसाठीच वापरतो. आतापर्यंत त्यातून पाण्याचा पंप, कुलंटच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, पुढचे कंट्रोल आर्म आणि इंजिन माउंटिंग झाले. त्या खात्यात अजून निम्मी रक्कम आहे, आणि पुढचे काम ब्रेकच्या डिस्कचे आहे.