मदत हवी आहे : गच्चीची गळती, कोबा की केमिकल?

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या छताला ओल धरलीय, पंख्याच्या हुकाभोवती पोपडे सुटलेत आणि एका जागी गंजलेली सळई उघडी पडलीय. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, म्हणून फार काळजी वाटते.

आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांचे नमुना नियम) गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, आणि कमिटी तयारही आहे. एक कंत्राटदार म्हणतो, जुना कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) फोडून नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला; दुसरा म्हणतो, पाणी अडवणाऱ्या केमिकलचे दोन हात पुरे. मला ते पटत नाही, सळई गंजलेली असताना नुसतं वरून लावून काय होणार? पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय. कोणी करून घेतलं असेल तर किती टिकलं? गच्चीवर पाणी साठवून तपासून दाखवणारा खात्रीचा माणूस असेल तर कृपया सुचवा.