वेताळ बघून पोरं हसून राहिलीत, काय करू?

रामबागचे आजोबा (इंदूर)
आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा बाहुल्यांचं विक्रम-वेताळ ठरलंय. उज्जैन इथून 55 किलोमीटरवर, विक्रम राजा म्हणजे घरचाच माणूस. मोज्याचा वेताळ केला, बटणांचे डोळे, कापसाचे केस. परवा तालमीत तो प्रेतातून उठला आणि पोरं खिदळायला लागली. एक म्हणाला, "आजोबा, हा तर आपला दूधवाला!"
आजी कंदील बारीक करून हीच गोष्ट सांगायची, तेव्हा रात्री परसात जायची माझी छाती नव्हती. बाहुलीची भीती वाटते का हो कुणाला?

कुडाळची माहेरवाशीण
काका, मोजा फेका, पडदा बांधा. माहेराजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. ते रामायण लावतात, पण युक्ती तुमच्या कामाची. बाहुली पडद्याला टेकवली की रेघ न् रेघ दिसते. दिव्याकडे ओढली की सावली फुगते, कडा विरतात. वेताळ झाडाला वीतभर लटकू दे. राजा बोलला रे बोलला, की सर्रकन दिव्याकडे न्या. दिवा एकच, लहानसा. ट्यूबलाइटने सावलीच धरत नाही.
(आमच्याकडे वेताळाला कुणी भीत नाही म्हणा. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या वहाणा वाहतात, रात्री गावाची राखण करून त्याच्या झिजतात म्हणून.)

सराफ्याचा निशाचर
भिया, तुमचा वेताळ आल्यापासूनच भूत आहे, तिथंच घोळ. जपानच्या बुनराकूत, म्हणजे तिथल्या बाहुल्यांच्या नाटकात, 'गाबू' नावाचं डोकं असतं. देखणी बाई, दोरी ओढली की तोंड कानापर्यंत फाटतं, शिंगं बाहेर. आधी प्रेत नुसतं प्रेत राहू द्या. आणि तो घोगरा आवाज काढत असाल तर बंद करा, साधं बोला.

रामबागचे आजोबा (इंदूर)
आवाज घोगराच काढत होतो, कबूल.
चामडं कुठून आणू? कपाटात माझ्या छातीच्या एक्स-रेची जुनी फिल्म होती, तीच कापली. दिव्यापुढे धरली तर अंग काळं आणि बरगड्या उजळलेल्या! सौ. म्हणाली, जिवंतपणी हे काय अभद्र. काल तालीम झाली. वेताळ मोठा होत गेला तसा दूधवाला म्हणणारा पोरगा उठला आणि गुपचूप ट्यूबलाइट लावून आला.
आता सांगा, प्रयोग प्रसादाच्या आधी ठेवू की नंतर?