रडारलहरी शोषणारी 'उष्णतारोधक' संमिश्रं: मेणात मोजून कसं चालेल?

भट्टीकाठ: कार्बन-सिरॅमिक शोषकांवरचे निबंध वाचताना मला एक गोष्ट फार खटकते. शीर्षकात 'उष्णतारोधक', म्हणजे उष्णता सोसणारं, असं लिहिलेलं असतं. आत पाहावं तर पूड पॅराफिन मेणात कालवलेली, ७ मिमी व्यासाची कडी दाबून काढलेली आणि खोलीच्या तापमानाला मोजलेली. हे मेण साठेक अंशांना वितळतं! वर उणे ६० डेसिबलचा आकडा (परतणारी लहर किती घटली त्याचं माप) ठळक छापतात. उणे २० लाच ९९ टक्के ऊर्जा शोषली जाते. त्यापुढचं टोक बहुधा एकाच जाडीला आणि एकाच वारंवारतेला गणितातून निघालेलं असतं. जेट इंजिनाच्या नोझलपाशी त्याचा काय उपयोग? सिलिकॉन कार्बाइड तापलं की त्याची वाहकता वाढते. मग थंडपणी जुळवलेली जाडी जुळत नाही आणि लहर आत न शिरता पृष्ठभागावरूनच परतते. तापलेल्या अवस्थेत, हवेत मोजलं नसेल तर तो शब्द वापरूच नये.

नमुनाकार: अजिबात पटलं नाही. तापवून मोजणं किती किचकट आहे ते बघा. ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झसाठी नमुना २२.८६ × १०.१६ मिमी असा नेमका घासून वेव्हगाईडमध्ये, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत, बसवायचा. ८०० अंशांना धातू जास्त प्रसरण पावतो, सिरॅमिक कमी. मधे फट पडते आणि आकडाच बिघडतो. हॉर्न अँटेना लावून मोकळ्या जागेत मोजायचं तर मोठी सपाट फरशी तडा न जाता भाजून काढावी लागते. हाताशी चमचाभर पूड असलेल्या विद्यार्थ्यानं काय करायचं? मेणातली मोजणी ही चाळणी आहे, ती हवीच.

चुंबकसूची: चाळणी हवी, पण तिच्यावर चुकीचं धान्य राहतं त्याचं काय? कार्बोनिल लोखंड (लोखंडाची अतिबारीक पूड) थंडपणी उत्तम शोषतं. ७७० अंशांना लोखंडाचं लोहचुंबकत्व जातं, बहुतेक फेराइटचं (लोहऑक्साइडच्या चुंबकीय सिरॅमिकचं) तर त्याच्या बरंच आधी. म्हणजे यादीत वर आलेलं मिश्रण गरम भागासाठी बादच.

नमुनाकार: म्हणूनच तर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड! यांचं शोषण चुंबकत्वावर अवलंबून नाही. कार्बन हवेत ५०० अंशांच्या आसपास जळतो हे मान्य, पण तो उघडा असेल तर. सिरॅमिकच्या पोटात असेल तर सिलिकॉन कार्बाइड हवेत तापून त्यावर धरणारी सिलिकाची साय त्याला राखते.

भट्टीकाठ: ती साय झपाट्यानं धरते ती बऱ्याच वरच्या तापमानाला. कार्बनचे तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड बनवून थंड होताना वेगवेगळे आकसतात, बारीक तडे जातात. ७०० अंशांना तडे उघडेच असतात आणि ऑक्सिजन थेट तंतूंपर्यंत पोचतो. अशा वेळी १२०० पेक्षा ७०० अंशच जास्त घातक. बोरॉन घातलं तर त्याची काच वितळून तडे बुजवते. जरूर घाला. मग तोच तुकडा ७०० अंशांना हवेत काही तास ठेवून मोजा आणि आधीचा-नंतरचा आलेख शेजारीशेजारी छापा.