एसीएल सर्जरीनंतर जिना उतरताना गुडघा सुटल्यासारखा वाटतो, नॉर्मल आहे का?

कळव्याचा_रेडर:
एसीएलचं (गुडघ्याच्या आतलं, हाडांना जोडून गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट) ऑपरेशन होऊन चारेक महिने झाले, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट टाकलाय, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन काढून तिथे बसवलाय. तलावपाळीला आरामात चक्कर मारतो, पण ठाणे स्टेशनचा जिना उतरताना गर्दीत मागून जरा धक्का लागला की गुडघा सुटतोय की काय असं होतं आणि हात आपोआप रेलिंगवर जातो. ग्राफ्ट सैल झाला असेल का? कबड्डी कधी सुरू करू?

ऐरोलीकर:
नुसतं वाटतं की खरंच सरकतो ते आधी बघ. उतरताना सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो आणि ऑपरेशननंतर तोच जास्त वाळतो, बऱ्याचदा कारण तेच असतं. पण खरंच सरकत असेल, सूज येत असेल, गुडघा अडकत असेल तर थांबू नकोस, सर्जनला दाखव, ते लॅकमन टेस्ट करून ग्राफ्ट ताणलाय का बघतील.

वाशी_फिजिओ:
+१. ग्राफ्ट म्हणजे मुळात टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), त्याचं लिगामेंटसारखं व्हायला वर्षभर तरी लागतं, त्यामुळे दुखत नाही म्हणजे गुडघा तयार झाला असं अजिबात नाही. कबड्डी ९ महिन्यांच्या आत नकोच भावा, कबड्डीत पाय रोवून झटकन वळावं लागतं, एसीएल तिथेच जातं. नंतरही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के आणि एका पायावरच्या उड्यांची टेस्ट पास, मगच मैदान. आत्ता फिजिओला विचारून छोट्या पायरीवरून हळू उतरायचा सराव कर, आरशासमोर, गुडघा आत वळू देऊ नकोस.

कळव्याचा_रेडर:
सूज नाहीये, सरकतही नाही. तरी सर्जनची अपॉइंटमेंट घेतो, थँक्स दोघांना.