नवी हॉलोबॉडी गिटार सदोष निघाली आहे: दुरुस्त करून ठेवावी की परत करावी?

अर्धस्वर (पुणे)

नमस्कार. बरीच वर्षे सॉलिडबॉडी गिटार वाजवल्यानंतर जॅझकडे ओढा वाढला म्हणून मी नुकतीच एक संपूर्ण पोकळ, म्हणजे मध्ये लाकडी ठोकळा नसलेली, 16 इंच रुंदीची हॉलोबॉडी ऑनलाइन मागवली. टॉप (बॉडीचा समोरचा फळा) लॅमिनेटेड मेपलचा आहे, ब्रिज (तारांना आधार देणारी घोडी) फक्त तारांच्या दाबाने जागेवर राहणारा आहे आणि तारा मागे ट्रॅपीझ टेलपीसमध्ये अडकवलेल्या आहेत. किंमत पासष्ट हजारांच्या घरात असल्यामुळे हा खर्च माझ्यासाठी किरकोळ नाही.

खोके उघडून सूर लावल्यावर तक्रारी एकेक करून पुढे आल्या. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांडीवरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड ई तारेची उंची 2.6 मिमी भरते आणि ती कमी करावी म्हटले, तर ब्रिज वर-खाली करणारी चाके आधीच जवळजवळ तळाला टेकलेली आहेत. फार तर अर्धा मिलिमीटर वाव उरला आहे. पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना बोट दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागेच्या हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा येतो. खर्जातला ए वाजवला की कुठूनतरी झिणझिण ऐकू येते, व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर होते आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे पॉलिशमध्ये केसासारखी एक बारीक रेघ आहे.

विक्रेत्याचे म्हणणे असे आहे की ही सगळी सेटअपची बाब असून गिटार ठेवून घेतल्यास ते 6,000 रुपये परत करतील. परत करायची मुदत रविवारी संपते. गिटार सरळसरळ वाईट असती तर मी इथे विचारलेही नसते. पण नेकजवळचा पिकअप लावून टोन अर्ध्यावर आणला की जो गोल, उबदार आवाज येतो, तो सोडवत नाही. अशा वेळी नेमके काय पाहून निर्णय घ्यावा?


जुना कारागीर (मुंबई)

आपण दिलेल्या यादीत सहा तक्रारी आहेत, परंतु त्यांचे वजन सारखे नाही, आणि निर्णय सहा गोष्टींवर नव्हे तर एकाच गोष्टीवर घ्यायचा आहे. ती गोष्ट म्हणजे नेकचा कोन, म्हणजे नेक बॉडीला ज्या कलात बसवली आहे तो.

आधी किरकोळ बाबी बाजूला करू. दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा चढा येणे हा या प्रकारच्या गिटारमध्ये बहुतेक वेळा दोषच नसतो, कारण ब्रिज मोकळा असल्यामुळे तो वाहतुकीत सरकतो. तारा थोड्या सैल करून तो टेलपीसच्या दिशेने किंचित मागे घेतला की स्वर जुळतात. पहिल्या फ्रेटवर जोर लागतो याचे कारण नटच्या (नेकच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या पट्टीच्या) खाचा उथळ राहिल्या असाव्यात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा: ती जेमतेम दिसावी इतकी असली पाहिजे, स्पष्ट दिसत असेल तर खाच खोल करावी लागेल. हे काम साधे आहे, मात्र निर्णय होईपर्यंत नटला कानस लावू देऊ नका, कारण वस्तूत एकदा बदल झाला की परतीच्या वेळी विक्रेता तोच मुद्दा पुढे करतो.

खरखरीसाठी बदलावा लागणारा भाग स्वस्त आहे, पण मजुरी स्वस्त नाही. पोकळ गिटारला मागे झाकण नसते, त्यामुळे पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलायचा म्हणजे सगळी वायरिंग एफ-होलमधून (टॉपवरच्या एफ अक्षराच्या आकाराच्या भोकातून) बाहेर ओढायची. प्रत्येक पॉटच्या दांड्याला आधी दोरा बांधून ठेवावा लागतो, म्हणजे परत आत सोडताना तोच दोरा ओढून दांडा नेमक्या भोकातून वर काढता येतो. ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा माणसाकडे गिटार गेली तर एफ-होलच्या कडा खरवडून परत येते.

आता मुख्य गोष्ट. गिटार नेहमीच्या सुरात लावून, वाजवताना धरतो तशी धरून मोजा. टेबलावर आडवी ठेवून मोजलेल्या मापांवर विसंबू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, तीच तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने मोजा. मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला गॅरेजमध्ये जे पत्त्यांचे गेज वापरतात तेच चालते आणि कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. फट 0.15 ते 0.25 मिमी असेल तर नेकचा बाक ठीक आहे आणि ट्रस रॉडला (नेकचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळईला) हात लावण्याचे कारण नाही. उंच ॲक्शनचे, म्हणजे तारा फ्रेटपासून उंच असण्याचे, मूळ मग दुसरीकडे आहे. त्यानंतर ब्रिज पूर्ण खाली उतरवा, एक लांब, खात्रीने सरळ असलेली स्टीलची पट्टी तारांच्या मधून फ्रेटवर टेकवून ब्रिजपर्यंत न्या आणि तिचे टोक कुठे येते ते पाहा. ते ब्रिजच्या वरच्या कडेपाशी, मिलिमीटरभर इकडेतिकडे आले, तर कोन चांगला आहे. तीन-चार मिलिमीटर खाली आले तर नेक चुकीच्या कोनात चिकटवली गेली आहे, आणि ती चूक सेटअपने दुरुस्त होत नाही.

रेघेबाबत एवढेच सांगतो की टॉर्च तिरपी धरून तिच्यावरून नख फिरवा आणि नेक हलक्या हाताने मागे-पुढे दाबून पाहा. नख अडकले किंवा रेघ उघडताना दिसली, तर बाकी काहीही न मोजता गिटार परत करा.


खारा वारा (रत्नागिरी)

कारागीर यांनी सांगितलेली तपासणी योग्य आहे, मात्र तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. आपल्याला बाराव्या फ्रेटवर 2.6 वरून 1.8 मिमीवर यायचे आहे असे धरू. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्यामुळे तिथे 0.8 कमी करायचे तर ब्रिजपाशी त्याच्या दुप्पट, म्हणजे 1.6 मिमी उतरावे लागेल. चाकांत अर्धा मिलिमीटर आहे. उरलेला सुमारे 1.1 मिमी ब्रिजच्या लाकडी पायातून घासून काढता येतो. टॉपवर ब्रिजच्या जागी सँडपेपर उलटा अंथरून, भोवती टेप लावून, त्यावर पाया घासत राहिले की तो टॉपच्या बाकाला अचूक बसतो, आणि ही जवळीक वाढल्यामुळे आवाजही सुधारतो. काम हलक्या हाताचे आहे, पण महागडे नाही. माझ्या गिटारचा पाया मिरजेला सतारी करणाऱ्या एका कारागिराने बसवून दिला आणि घोडी बसवण्यात ज्यांची हयात गेली आहे त्यांना यात नवे काही नव्हते.

झिणझिणीबद्दल: ती आतून येते असे गृहीत धरू नका. ए वाजत असताना दुसऱ्या कोणाला तरी एकेका जागी बोट टेकवायला सांगा: ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधल्या तारा, पिकगार्डचा स्क्रू, ट्यूनरच्या नटा, ट्रस रॉडचे झाकण. ब्रिजमागच्या तारांत नमद्याची एक पट्टी विणली की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. बोटांनी काहीच थांबले नाही, तर टॉपवर बोटाच्या पेराने ठोकून ऐका. आतला ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) सुटला असेल तर तेवढ्याच जागी आवाज फुटका येतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अँपचा आवाज वाढवला की हॉलोबॉडी फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारा घुमारा) देणारच. ती या वाद्याची प्रकृती आहे. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग हे एफ-होलमध्ये कापड कोंबून वाजवत आणि 1980 साली गिब्सन कंपनीने त्यांच्या नावाने काढलेल्या मॉडेलला एफ-होल ठेवलेच नाहीत. आपल्या यादीत ही तक्रार नाही, पण पुढच्या आठवड्यात ती येईल, तेव्हा तिला दोष समजू नका.

परत पाठवली तर बदली येणारी गिटार हिच्यासारखी वाजेलच याची हमी नाही. आवाज मनासारखा असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तेवढ्यासाठी मी मिलिमीटरभर लाकूड आनंदाने घासेन.


जुना कारागीर (मुंबई)

खारा वारा यांचे गणित बरोबर आहे, आणि मिरजेच्या कारागिरांच्या हाताबद्दल तर वादच नाही. फ्रेट घासण्याचे काम मात्र मी तिकडे देणार नाही, कारण सतारीचे पडदे सरकवता येतात आणि त्यांना वेगळ्याच तऱ्हेने सांभाळावे लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. अकरा नंबरच्या (सर्वांत बारीक तार 0.011 इंच जाडीची असलेल्या) तारांचा संच या गिटारवर सुमारे 50 किलोंचा ताण सतत देत राहतो, आणि त्या ताणाखाली नेक वर्षानुवर्षे किंचित पुढे येत जाते. जुन्या गिटारमध्ये आपण पाया घासतो तेव्हा ती सोय शेवटच्या टप्प्यावर वापरलेली असते. नव्या कोऱ्या गिटारमध्ये पहिल्याच दिवशी चाके तळाला आणि पायाही घासलेला, अशी सुरुवात झाली, तर पुढच्या पावसाळ्यात टॉप फुगून ॲक्शन चढली की उतरवायला जागाच उरत नाही. शिवाय ब्रिज जितका खाली जाईल तितका तारांचा टेलपीसकडे जाणारा उतार कमी होतो, ब्रिजवरचा दाब घटतो, आणि ज्या आवाजासाठी गिटार ठेवायची तोच आवाज पातळ होतो. त्यानंतर उरतो तो नेक सोडवून पुन्हा बसवण्याचा मार्ग, आणि या किमतीच्या गिटारवर तो खर्च करण्यात अर्थ नाही. एका मुद्द्यावर आमचे एकमत आहे: पट्टीचे टोक फक्त दीड-दोन मिलिमीटर खाली आले, तर पाया घासून ठेवून घ्या आणि सहा हजारांत नट व पॉट दोन्ही करून घ्या.


ग्राहकमित्र (ठाणे)

लाकडातले मला कळत नाही, म्हणून कागदापुरते लिहितो. ‘ही सेटअपची बाब आहे’ हे विक्रेत्याचे मत झाले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दोषाची व्याख्या व्यापक आहे. गुणवत्तेतील किंवा दर्जातील उणीव तिच्यात येते. ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. याच नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावायचा असतो.

त्यामुळे फोनवर बोलत बसू नका. पट्टी आणि गेज दिसतील असे फोटो काढा आणि रविवारच्या आत ईमेलने परतीची मागणी नोंदवा. मुदतीत मागणी केल्याचा पुरावा हातात असणे महत्त्वाचे आहे. सहा हजार रुपये स्वीकारण्याआधी त्यासोबतचा मजकूर नीट वाचा, कारण ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा अर्थाचे वाक्य त्यात असेल, तर पुढे ब्रेस सुटला तरी आपली बाजू कमकुवत होईल. प्रकरण अडलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि आपण राहता त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते.


राईनकाठ (कलोन)

इकडे जर्मनीत ऑनलाइन खरेदी कारण न देता 14 दिवसांत परत करता येते, त्यामुळे इथले वादक दोन गिटारी मागवून एक परत पाठवतात आणि परत आलेल्या गिटारी दुकाने सवलतीत पुन्हा विकतात. म्हणूनच एक शंका येते: आपली गिटार कोणीतरी आधी परत केलेली तर नसेल? ब्रिजच्या पायाखाली किंवा टेलपीसच्या बिजागरीपाशी आधीच्या वापराच्या खुणा दिसतात का, हे पाहा.


अर्धस्वर (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले.

झिणझिण ब्रिजमागच्या तारांची निघाली. तिथे बोट टेकवताच ती थांबली. ब्रिज थोडा मागे सरकवल्यावर हार्मोनिक आणि दाबलेला स्वर जुळले. रेघेवर नख अडकत नाही आणि नेक दाबल्यावर ती हलतही नाही, म्हणजे ती पॉलिशपुरतीच असावी. वापराच्या खुणा कुठेही दिसल्या नाहीत. सातव्या फ्रेटवरची फट 0.2 मिमी आहे, म्हणजे नेक सरळ आहे. मात्र ब्रिज पूर्ण उतरवूनही पट्टीचे टोक वरच्या कडेच्या जवळजवळ 4 मिमी खाली येते. पट्टी उलटी करून आणि दुसरी पट्टी आणूनही तेच आले.

खारा वारा यांचा मुद्दा मला पटला होता आणि माप दोन मिलिमीटरच्या आत असते तर मी गिटार ठेवलीच असती. आता परतीची मागणी फोटोंसह ईमेलने पाठवली आहे आणि बदली न मागता पैसेच मागितले आहेत, कारण पुढची हॉलोबॉडी मी हातात घेऊन, सोबत पट्टी नेऊन, दुकानातच पाहणार आहे. फक्त ही पाठवताना बांधणी कशी करावी, हे कोणी सांगेल का?


जुना कारागीर (मुंबई)

तारा पूर्ण काढू नका, कारण त्या काढल्या की ब्रिज मोकळा होऊन आत टॉपवर आपटत राहील आणि टेलपीसही लोंबकळून पॉलिश खरवडेल. सगळ्या तारा दोन-दोन स्वर उतरवा, ब्रिजच्या दोन्ही बाजूंना आणि टेलपीसखाली मऊ कापडाची घडी सरकवा, नेकच्या टोकाखाली आधार द्या म्हणजे खोके पडले तरी भार हेडस्टॉकवर येणार नाही. मूळ खोकेच वापरा. बंद करण्यापूर्वी अनुक्रमांक दिसेल असा व्हिडिओ काढा आणि कुरिअरवाला खोके उचलून नेईपर्यंत तो चालू ठेवा.